पैसे पुस्तकाचे, हातात मात्र ॲप

मंडळी, मराठी ई-पुस्तकं विकणाऱ्या दुकानांशी माझं भांडण किमतीवरून नाही. दीडशे रुपये म्हणजे इथले सहा-सात दिरहम, एका शावर्म्याचे पैसे. भांडण आहे ते पैसे देऊनही पुस्तक आपलं होत नाही यावरून.

बटणावर लिहिलेलं असतं ‘खरेदी करा’. मिळतं काय? दुकानाच्या ॲपमध्ये डोकावायची परवानगी. फाईल उतरवून घेता येत नाही, दुसऱ्या रीडरवर उघडत नाही. आमच्याकडे टॅब बदलला आणि मुलीची पाच पुस्तकं गायब! ग्राहक सेवेचं म्हणणं, नोंदणीच्या भारतीय नंबरावर ओटीपी येईल. ते सिम बंद होऊन चार वर्षं झाली, हे तीन मेलमध्ये लिहिलं. तिन्ही वेळा उत्तर एकच: ॲप काढून पुन्हा टाका. फोन करावा तर तिथलं ऑफिस साडेदहाला उघडतं. तेव्हा इथे नऊ, आपण शेख झायेद रोडवर अडकलेलो.

मोठ्या कंपन्याही काही साधू नाहीत. ॲमेझॉनने 2009 साली ग्राहकांच्या किंडलवरून विकलेली पुस्तकं परस्पर पुसली (त्यात ऑर्वेलचं ‘1984’ होतं, यावर मी काय बोलू!). फेब्रुवारी 2025 मध्ये किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून घ्यायची सोयही काढली. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा निदान पैसे परत दिले. आपलं एखादं छोटं मराठी दुकान उद्या बंद पडलं तर कोणाकडे मागायचे?

आणि फाईल कसली देतात? बऱ्याचदा छापील पानांचे फोटो, नाव पीडीएफ. कारण ठाऊक आहे: जुनी पुस्तकं युनिकोडच्या आधीच्या फाँटांत टाईप झालेली, श्रीलिपी वगैरे. ती सरळ उघडली तर अक्षरांची भेळ होते, म्हणून पानच चिकटवायचं. मान्य, पुन्हा टाईप करायला, तपासायला खर्च येतो. मग तसं सांगून जास्त पैसे मागा ना! फोनवर पान मोठं केलं की प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे सरकवत वाचावी लागते. पुण्यातलं मूल कदाचित निभावून नेईल. आपली पोरं मराठी कानाने शिकलेली, ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’पाशी अडखळणारी. त्यांना मोठं अक्षर हवं, शब्दावर बोट ठेवलं की अर्थ हवा, वाचून दाखवणारा आवाज हवा. त्यासाठी पानात खरी अक्षरं लागतात. ईपबमध्ये ती असतात, ओळ स्क्रीनप्रमाणे मोडते, आणि तो प्रकार कोणा एका कंपनीच्या मालकीचाही नाही.

‘पायरसी होते हो’ हे ठरलेलं उत्तर. अहो, छापील पुस्तक स्कॅन करणाऱ्याला तुमचं कुलूप फोडावंच लागत नाही. कुलूप लागतं ते पैसे भरणाऱ्याला.

तेव्हा कार्ड काढण्याआधी दुकानाला मेल टाका: फाईल मिळेल का, ईपब आहे का, भारतीय नंबर नसेल तर खातं कसं उघडायचं? उत्तर येईपर्यंत पैसे देऊ नका. तोवर वाचायला पुष्कळ आहे. साने गुरुजींच्या साहित्यावरचा कॉपीराइट भारतात 1 जानेवारी 2011 पासून संपलाय, बालभारतीची पाठ्यपुस्तकं मोफत उतरवता येतात. दुकानांकडून आलेली उत्तरं इथेच टाका, दुकानाच्या नावासकट. आणि कोणी नीट ईपब देत असेल तर त्याचं नाव सगळ्यात आधी.