सूर बदलला म्हणून

आवडत्या गायकाने आपली वाट बदलली की सर्वांत आधी रुसतात ते त्याचे जुने श्रोते. हा रुसवा आम्हीही धरलेला आहे. म्हणून त्याची कबुली देणे प्राप्त आहे. निमित्त आहे जोनी मिचेल या कॅनेडियन गायिकेच्या १९७९ सालच्या 'मिंगस' या ध्वनिमुद्रिकेचे.

मिचेलबाई स्वतःची गाणी स्वतः रचून गिटारवर गाणाऱ्या. लहानपणी पोलिओने त्यांच्या डाव्या हाताचे बळ हिरावले, तेव्हा बोटांना झेपेल अशा निराळ्याच पद्धतीने त्यांनी गिटारच्या तारा लावल्या, आणि त्या अडचणीतूनच त्यांचा स्वतंत्र नाद जन्मला. १९७१ च्या 'ब्लू'मध्ये साथसंगत अगदी मोजकी होती. १९७४ च्या 'कोर्ट अँड स्पार्क'मध्ये जॅझ वादकांचा ताफा आला आणि लोकप्रियता शिगेला पोहोचली. बाई तिथेच थांबत्या, तर कोणाचीच तक्रार नव्हती.

पण त्या थांबल्या नाहीत. जॅझचे थोर रचनाकार चार्ल्स मिंगस तेव्हा असाध्य स्नायुरोगाने चाकाच्या खुर्चीला खिळले होते. त्यांनी आपल्या चाली बाईंच्या हवाली केल्या. बाईंनी त्यांवर शब्द रचले. ५ जानेवारी १९७९ रोजी मिंगस वारले आणि ध्वनिमुद्रिका त्यानंतर बाहेर आली. गाण्यांच्या अधूनमधून मिंगस यांचा बोलता आवाज ऐकू येतो.

आम्ही ती प्रथम ऐकली तेव्हा 'ब्लू' गाणारी बाई कुठे गेली, असे म्हणून बाजूला ठेवली. चाल चटकन हाती लागत नव्हती, गुणगुणता येत नव्हती. आजही तिच्यातला काही भाग आम्हांस रेंगाळल्यासारखा वाटतो. परंतु पुन्हा ऐकताना ध्यानात आले, की बाई हरवल्या नव्हत्या. आम्हीच जुन्या जागी त्यांची वाट पाहत बसलो होतो. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाची चाल गायची, तर आपली सवय बाजूला ठेवावीच लागते.

आम्हां माळव्यातल्या लोकांना हे कळायला हवे होते. क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले. काही वर्षांनी ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा गाणे पूर्वीचे उरले नव्हते. माळव्याची लोकधून त्यात उतरली होती. त्यावरही नाके मुरडली गेलीच.

प्रत्येक बदल चांगलाच असतो, असे आमचे म्हणणे नाही. फसलेले प्रयोगही असतात. पण फसला की नाही, हे ठरवण्यापूर्वी तो नीट ऐकला पाहिजे. हर्बी हॅनकॉक 'मिंगस'वर बाईंच्या साथीला होते. पुढे त्यांनी बाईंच्या गाण्यांवर केलेल्या ध्वनिमुद्रिकेला २००८ साली वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले. कलावंतांनी एकमेकांना केव्हाच ओळखले होते. उशीर झाला तो आम्हां श्रोत्यांनाच.