सातपाटीचा बाजार

सयाम, म्हणजे आजचे थायलंड, या देशात दाम्नोन सादुआक येथे १८६८ साली पुऱ्या झालेल्या कालव्यावर होड्यांतून बाजार भरतो. तो पाहण्यास लोक दुरून जातात. परंतु पालघरजवळील सातपाटी बंदरास मासळीच्या होड्या लागतात, तेव्हा आपल्यापैकी कितीजण तेथे गेले असतील? येथील बाजार प्रवाशांसाठी नव्हे, पोटासाठी भरतो. कोळिणींचा हिशेब तर आपल्या गणिताच्या वहीहून चोख! पापलेटास २०२३ साली राज्यमाशाचा मान मिळाला. तरी एकदाही अंडी न घातलेली त्याची पिल्ले पकडून विकली जातात. मग पुढील वर्षी जाळ्यात यावे काय? शाळेची सहल सातपाटीस न्यावी, असे आमचे मत आहे. आणि पालकांनी ती पिल्ले विकत घेऊ नयेत, हेही.