दिवेकर म्हणजे कोणते?

'दिवेकर म्हणजे तुम्ही कोणते?' हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. लग्नाच्या पंगतीत, आगगाडीत, आणि एकदा तर घर भाड्याने बघायला गेलो असतानाही. घरमालकांना भाडे कळले होते, नोकरी कळली होती. राहिली होती ती जात! 'कोकणातले' एवढेच उत्तर देऊन मी गप्प बसलो. घर मिळाले नाही, हे सांगायला नकोच.

आमच्याकडे गावाला 'कर' जोडले की आडनाव तयार होते. दिव्याचा तो दिवेकर. दिवे नावाचे गाव पुणे जिल्ह्यात सासवडच्या वाटेवर आहे, तर दिवेआगर रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनजवळ. म्हणजे गाव एकच असे नाही, मग घराणे एकच कसे असणार? मी मात्र लहानपणी समजत होतो की सगळे दिवेकर आमचे भाऊबंदच. 'शिवभारत' १९२७ साली संपादून प्रसिद्ध करणारे स. म. दिवेकर हे तर आमच्या घरात अभिमानाने सांगण्याचे नाव.

हा समज मोडला तो मुंबईत. मशीद बंदराजवळच्या सॅम्युअल स्ट्रीटवर 'शार हारहमीम' म्हणजे 'दयेचे द्वार' नावाचे ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे. ते १७९६ मध्ये स्थापन करणारे गृहस्थ होते सॅम्युअल इझिकिएल दिवेकर, लोकांच्या तोंडी सामाजी हसाजी दिवेकर. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले हे अधिकारी टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले आणि सुटका झाल्यावर त्यांनी नवस फेडला, अशी कथा सांगतात. मशीद स्टेशनच्या नावाचा उगमही याच मंदिरात आहे, असे मानले जाते.

सामाजी बेने इस्राएल समाजाचे. जहाज फुटून सात जोडपी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागली, ही त्यांची परंपरागत कथा. कोकणात ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून 'शनिवार तेली'. आडनावे मात्र आपल्यासारखीच गावांची : किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, चौलचे चेऊलकर. त्यांच्या घरांत बोली मराठीच होती.

भारत स्वतंत्र झाला तेव्हा हा समाज वीस हजारांच्या घरात होता. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र जन्माला आले आणि पुढे बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. गंमत म्हणावी की दुर्दैव, तिथेही 'तुम्ही कोणते?' हा प्रश्न त्यांच्या पाठीशी लागला. १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहापूर्वी वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले. यावर आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये संसदेने त्यांना सर्व बाबतींत समान ज्यू मानावे असा ठराव केला. इथे ज्यू म्हणून वेगळे, तिथे मराठी म्हणून संशयित!

आज भारतभरचे सगळे ज्यू मिळून पाच हजारांच्या आसपास असतील. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. उचितच झाले. पण कागदावरचा दर्जा शाळा-संस्थांना उपयोगी पडेल. शेजारी उरले नाहीत, ती उणीव त्याने भरून निघणार नाही. आपल्या गावात आता कोणी 'कर' राहत नाहीत, तरी त्यांचे आडनाव त्या गावाची आठवण सांगत हजारो मैलांवर नांदते आहे.

म्हणून अलीकडे 'दिवेकर म्हणजे कोणते?' असे कोणी विचारले, की मी सामाजींची गोष्ट सांगतो. विचारणारा आधी गोंधळतो, मग हळूहळू ऐकू लागतो. आणि बहुतेक वेळा जातीचा प्रश्न पुन्हा विचारायचा राहून जातो. मला तेवढे पुरते.