ऋतुराजवर राग काढून भागेल का?

आयपीएलचा नवा हंगाम तोंडावर आला आहे आणि आपल्या नंदगड परिसरात पुन्हा नेहमीची वाटणी दिसू लागली आहे. राज्याचा संघ म्हणून आणि कोहलीसाठी बेंगळूरची बाजू घेणारे एक, सचिनच्या काळापासून मुंबईला धरून असलेले दुसरे आणि धोनीमुळे चेन्नईचे झालेले तिसरे. एकाच घरात तिन्ही पक्ष असणे सीमाभागात काही नवलाचे नाही. यातले बेंगळूरवाले २०२५ च्या विजेतेपदामुळे खुशीत आहेत. मुंबईवालेही गेल्या वेळी दुसऱ्या क्वालिफायरपर्यंत गेल्याने फारसे नाराज नाहीत. चेन्नईवाले मात्र सलग दोन हंगामांचा हिशेब मागत आहेत आणि तो मागताना एकच नाव घेतले जाते, ते म्हणजे पुण्याचा ऋतुराज गायकवाड.

तक्रार थोडक्यात अशी : पाच विजेतेपदे मिळवलेला संघ एका नवख्याच्या हाती दिला, फलंदाजीची धार गेली आणि संघ तळाला गेला. राग समजण्यासारखा आहे. पण तो योग्य पत्त्यावर जातो आहे का, हे आकडे समोर ठेवून पाहायला हवे.

घटनाक्रम

२१ मार्च २०२४ रोजी, म्हणजे हंगामाच्या पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी, धोनीने कर्णधारपद सोडले आणि ते ऋतुराजकडे आले. त्या वर्षी त्याने स्वतः ५८३ धावा केल्या. संघाने सात सामने जिंकले आणि सात हरले. १८ मे रोजी चिन्नास्वामी मैदानावर बेंगळूरने २१८ धावा केल्या. बाद फेरी गाठण्यासाठी चेन्नईला जिंकण्याचीही गरज नव्हती, २०१ धावा पुरेशा होत्या. संघ १९१ वर थांबला. दोन्ही संघांचे गुण १४ झाले आणि सरस धावगतीवर बेंगळूर पुढे गेले. त्या सामन्यात ऋतुराज पहिल्याच चेंडूवर बाद झाला होता, आणि लोकांच्या लक्षात तेवढेच राहिले. कॉनवे दुखापतीमुळे पूर्ण हंगाम नव्हता, मुस्तफिझूर राष्ट्रीय संघासाठी परतला होता आणि पथिराना जायबंदी होऊन मायदेशी गेला होता, हे विसरले गेले.

२०२५ मध्ये परिस्थिती आणखी बिघडली. मुंबईला हरवून सुरुवात चांगली झाली. त्यानंतर २८ मार्चला बेंगळूरने चेपॉकवर ५० धावांनी हरवले. २००८ नंतर त्या मैदानावर बेंगळूरचा तो पहिला विजय होता. पुढे राजस्थान, दिल्ली, पंजाब आणि कोलकाता यांच्याकडून ओळीने हार पत्करावी लागली. सलग पाच पराभव या संघाने त्याआधी कधी पाहिले नव्हते. शेवटी १४ पैकी चार विजय, दहा पराभव आणि इतिहासात पहिल्यांदाच तळाचे स्थान.

आकडे काय सांगतात

आता यातला ऋतुराजचा वाटा पाहू. २०२५ मध्ये तो फक्त पाच सामने खेळला. ३० मार्चला गुवाहाटीत तुषार देशपांडेचा चेंडू त्याच्या कोपरावर बसला. त्याच डावात त्याने ६३ धावा काढल्या. पुढचे दोन सामने तो तशाच हाताने खेळला आणि ५ व १ धाव करून बाद झाला. १० एप्रिलला कोपराचे हाड तडकल्याचे जाहीर झाले आणि तो हंगामाबाहेर गेला.

त्याच्या हाताखाली पाचपैकी एक सामना जिंकला. उरलेल्या नऊ सामन्यांत कर्णधार स्वतः धोनी होता आणि त्यांतले तीन जिंकले. धोनीसारखा अनुभवी माणूसही त्या संघाला वर काढू शकला नाही, याचा अर्थ दुखणे कर्णधाराच्या खुर्चीत नव्हते. ते संघाच्या बांधणीत होते.

घडी कुठे विस्कटली

नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहला मोठा लिलाव झाला. चेन्नईने पाच खेळाडू राखले : ऋतुराज आणि जडेजा प्रत्येकी १८ कोटी, पथिराना १३ कोटी, दुबे १२ कोटी आणि धोनी ४ कोटी. मधल्या फळीसाठी राहुल त्रिपाठी, दीपक हुडा, विजय शंकर असे ओळखीचे, अनुभवी पण उतरत्या फॉर्मातले फलंदाज घेतले. अनुभवावर विश्वास ठेवून दोन विजेतेपदे मिळवलेल्या संघाला ही पद्धत पुन्हा चालेल असे वाटले असावे. पण तोवर खेळच बदलला होता. बाकीचे संघ पहिल्या सहा षटकांत सामना ओढून नेत होते आणि चेन्नई अजून डाव 'बांधत' होती.

५ एप्रिलचा दिल्लीविरुद्धचा सामना याचे चांगले उदाहरण आहे. १८४ चे लक्ष्य असताना विजय शंकरने ५४ चेंडूंत ६९ आणि धोनीने २६ चेंडूंत ३० धावा केल्या. दोघेही नाबाद राहिले, हातात पाच गडी होते आणि सामना २५ धावांनी गेला. गडी शिल्लक ठेवून हरणे याचा अर्थ मारण्याची ताकद किंवा तयारी नाही. ११ एप्रिलला कोलकात्याविरुद्ध तर चेपॉकवर ९ बाद १०३ धावा झाल्या. दहाहून अधिक षटके एकही चेंडू सीमेपार गेला नाही. कोलकात्याने ते लक्ष्य दहा षटके आणि एका चेंडूत गाठले.

त्यात चेपॉकची खेळपट्टी. वर्षानुवर्षे संथ आणि फिरकीला साथ देणाऱ्या या मैदानावर संघ उभा राहिला होता. प्रशिक्षक फ्लेमिंग यांनीच हंगामाच्या सुरुवातीला सांगितले की, घरच्या मैदानाचा म्हणून काही फायदा आता उरलेला नाही. ज्या खेळपट्टीसाठी संघ निवडला, ती तशी राहिली नसेल तर कर्णधाराने दोर कुठे बांधायचा?

आणि शेवटचा, सर्वांना टोचणारा मुद्दा म्हणजे धोनीचा क्रमांक. २८ मार्चला तो नवव्या क्रमांकावर आला आणि १६ चेंडूंत नाबाद ३० करून गेला, तेव्हा सामना संपलेला होता. त्याच्या गुडघ्याची मर्यादा खरी आहे. पण मैदानात उतरताना ज्याच्यासाठी सारे स्टेडियम उठून उभे राहते, तो यष्टीमागे उभा असताना नव्या कर्णधाराने क्षेत्ररचना करायची, ही कसरत कोणालाही जड जाईल. आपल्याकडे दुकान मुलाच्या नावावर झाले तरी वडील गल्ल्यावरून उठले नसले की गिऱ्हाईक भाव कोणाला विचारते, हे सांगायला नको.

त्याच्या खात्यावर जे आहे ते

म्हणून ऋतुराज निर्दोष ठरतो असेही नाही. डावाची सुरुवात करून नाव मिळवलेल्या फलंदाजाने २०२५ मध्ये स्वतःला तिसऱ्या क्रमांकावर आणले. मधली फळी भक्कम करण्याचा हेतू असेल, पण त्रिपाठीला सलामीला यश आले नाही आणि संघाचा सर्वांत भरवशाचा फलंदाज पहिला गडी पडण्याची वाट पाहत बसला. पाच डावांत त्याच्या १२२ धावा झाल्या, त्यांत दोन अर्धशतके आणि तीन एकेरी धावसंख्या. हा निर्णय त्याच्या मान्यतेशिवाय झाला नसणार आणि त्याचा जाब त्याला द्यावाच लागेल. टीका अशा नेमक्या गोष्टींवर व्हावी.

याआधी असे झालेच आहे

ऋतुराजची सुरुवात आठवून पाहा. २०२० मध्ये पहिल्या तीन डावांत त्याच्या धावा होत्या ०, ५ आणि ०. तेव्हाही त्याला बसवा असा ओरडा झाला. संघाने त्याला पुढचे तीन सामने दिले आणि त्याने तीन अर्धशतके केली. पुढच्या वर्षी ६३५ धावा, ऑरेंज कॅप आणि संघाला विजेतेपद.

२०२२ मध्ये जडेजाला कर्णधार केले, आठ सामन्यांत सहा पराभव झाले आणि हंगाम अर्धा असतानाच ते पद पुन्हा धोनीकडे गेले. त्यातून संघ सावरला नाही, नववा आला. २०२४ मध्ये मुंबईने रोहितच्या जागी हार्दिकला आणले, तेव्हा वानखेडेवर घरच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. मुंबई तळाला गेली. दोन महिन्यांत त्याच हार्दिकने विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे शेवटचे षटक टाकले आणि त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. स्वतः धोनीला काय कमी सोसावे लागले? २००७ च्या विश्वचषकात बांगलादेशकडून हार झाल्यावर रांचीतल्या त्याच्या बांधकाम चालू असलेल्या घराची नासधूस झाली होती. त्याच वर्षी, २६ व्या वर्षी, तो ट्वेंटी-२० विश्वचषक घेऊन आला.

अमेरिकेत असलेल्या आपल्या कुटुंबांना तिथल्या फुटबॉलमधले उदाहरण ओळखीचे असेल. त्या खेळात सारे आक्रमण क्वार्टरबॅक नावाच्या एका खेळाडूच्या हातून चालते. १९९८ मध्ये इंडियानापोलिसच्या संघात आलेल्या पेटन मॅनिंगने पहिल्याच वर्षी २८ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला. १६ पैकी तीनच सामने जिंकले. संघाने त्याला आणि प्रशिक्षकाला कायम ठेवले, जोडीला एडगेरिन जेम्स हा दमदार नवा खेळाडू दिला. पुढच्या वर्षी १३ विजय मिळाले. नवख्याला नुसता वेळ देऊन चालत नाही, सोबत माणसेही द्यावी लागतात, हे त्यातले महत्त्वाचे.

आता काय बदलले आहे

उशिरा का होईना, चेन्नईने हे ओळखलेले दिसते. ऋतुराजच्या जागी आलेल्या विरारच्या १७ वर्षांच्या आयुष म्हात्रेने सात सामन्यांत २४० धावा केल्या. ३ मे रोजी बेंगळूरविरुद्ध २१४ चे लक्ष्य असताना त्याने ४८ चेंडूंत ९४ केल्या आणि संघ अवघ्या दोन धावांनी हरला. ब्रेविस आणि उर्विल पटेल आले आणि शेवटच्या सामन्यात गुजरातविरुद्ध २३० धावा झाल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये जडेजा आणि करन राजस्थानला देऊन संजू सॅमसनला घेतले. डिसेंबरच्या लिलावात प्रशांत वीर आणि कार्तिक शर्मा या भारतीय संघात न खेळलेल्या तरुणांवर प्रत्येकी १४ कोटी २० लाख रुपये लावले. कर्णधार ऋतुराजच राहिला.

म्हणजे यंदा त्याला हवी तशी फळी मिळाली आहे आणि कारणेही कमी झाली आहेत. पहिल्या पाच-सहा सामन्यांत तीन गोष्टी पाहाव्यात : तो कोणत्या क्रमांकावर येतो, पहिल्या सहा षटकांत संघ किती धावा काढतो आणि एक-दोन अपयशांनंतरही तरुणांना संघात ठेवतो की नाही. त्यावरून त्याचे मोजमाप करणे रास्त होईल.

हा विषय आपल्या मंडळाच्या पानावर घेण्याचे कारण केवळ करमणूक नाही. आपल्या भागातून पुढे जाऊ पाहणाऱ्या मुलाला खानापूर, बेळगाव आणि मग धारवाड विभागाची निवड अशी वाट चालावी लागते. बेळगावचा रोनित मोरे त्याच वाटेने कर्नाटकाच्या रणजी संघात पोहोचला. अशी मुले आपल्या घरात बसूनच सामने पाहतात आणि तीन डाव फसलेल्या खेळाडूला आपण काय बोलतो तेही ऐकतात. शिवाय ४ जून २०२५ रोजी बेंगळूरच्या विजयोत्सवात चिन्नास्वामीबाहेर चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा जीव गेला, ही गोष्ट कर्नाटकातल्या कोणत्याही घराला विसरता येणार नाही. संघावरचे प्रेम आणि संघावरचा राग, दोन्हीला आवर लागतो.

बाकी, बेंगळूर-चेन्नई सामन्याच्या दिवशी घरातला रिमोट कोणाकडे असावा, हे ज्याचे त्याने ठरवावे.