मुलांचं वाचन ऐकायला कोण बसणार?

शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक ठरवून दिला आहे. समजा, गावच्या जिल्हा परिषद शाळेत सगळी पदं भरली, कुणाची बदली नाही, कुणी निवडणुकीच्या कामाला जुंपलेलं नाही. तरीही चाळीस मिनिटांच्या तासात बाईंनी प्रत्येकाचं वाचन ऐकायचं म्हटलं, तर एकेकाच्या वाट्याला ऐंशी सेकंद येतात. पट साठच्या आत असेल तर शिक्षक दोनच. मग चार-पाच इयत्ता दोघांनी वाटून घ्यायच्या. बाई तिसरीला फळ्यावर शिकवत असतात तेव्हा चौथी आपापली पुस्तकं चाळत बसते. यात कामचुकारपणा कुणाचाच नाही. वेळच पुरत नाही.

माझी सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. निवृत्तीनंतर येडशीत आलो आणि आता सकाळी शाळेत जाऊन तिसरी-चौथीच्या मुलांजवळ बसतो. एका वेळी एकच मूल. ते वाचतं, मी ऐकतो. पुस्तकात ‘प्रकाश’ असतो. पोरगा ‘प्र’ बघून ‘प्रवास’ म्हणतो आणि बिनदिक्कत पुढं जातो. सगळा वर्ग एका सुरात वाचत असतो तेव्हा ही चूक कुणाच्याच कानावर पडत नाही. शेजारी बसलं की लगेच पडते.

गणिताचंही तेच. चौथीतली एक मुलगी सीताफळांच्या दिवसांत आत्याबरोबर हायवेला पाट्या मांडून बसते. एकशे चाळीसची पाटी घेऊन गिऱ्हाइकानं पाचशेची नोट दिली, तर बोटंही न मोजता तीनशे साठ परत करते. तिलाच पाटीवर 500 वजा 140 मांडायला सांगितलं. तिनं उत्तर लिहिलं 440. विचारलं तर म्हणाली, “आजोबा, शून्यातून चार जायनात, म्हणून चारच ठेवले.” मी खिशातल्या नोटा काढल्या. पाचशेच्या पाच शंभरी केल्या, त्यातल्या एका शंभरीच्या दहा-दहाच्या दहा नोटा केल्या आणि विचारलं, आता चाळीस देता येतील का? तिनं नोटांकडं बघितलं, पाटीकडं बघितलं आणि न बोलता 440 पुसून टाकले.

हे येडशीपुरतं नाही. नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांबरोबर कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा असाच अभ्यास केला. तो 2025 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. बाजारातले अवघड हिशेब तोंडी करणारी मुलं शाळेच्या पद्धतीनं मांडलेल्या साध्या गणिताला अडतात, आणि शाळेत पक्की असलेली मुलं बाजारात अडखळतात. दोन्हींमध्ये सांधा जुळवून द्यायला मुलाशेजारी कुणीतरी बसावं लागतं.

“आम्हाला शिकवणं कुठं येतं?” असं गावात पुष्कळ जण म्हणतात. मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ संस्थेनं वस्तीतल्याच तरुण मुली नाममात्र मानधनावर ‘बालसखी’ म्हणून नेमल्या होत्या. त्यांच्याकडं डीएड, बीएड काही नव्हतं. थोडं प्रशिक्षण घेऊन त्या मागं पडलेल्या मुलांना वेगळं बसवून मुळाक्षरं आणि अंकांपासून सुरुवात करायच्या. संशोधकांनी तपासलं तेव्हा त्या मुलांची प्रगती आकड्यांत दिसली. आपल्या जिल्ह्यातही असा दाखला आहे. अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना ‘भारतवैद्य’, म्हणजे गावच्या आरोग्यसेविका, म्हणून तयार केलं. काम नेमकं ठरवून दिलं आणि पाठीशी डॉक्टर उभा राहिला, की साध्या माणसाच्या हातून काय होतं ते आपण बघितलं आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गावकरी फुकट राबायला लागले की सरकार रिकाम्या जागा भरणारच नाही. ही भीती खोटी नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की स्वयंसेवकानं शिक्षकाच्या खुर्चीत बसूच नये. एकट्यानं वर्ग सांभाळायचा नाही, हजेरी घ्यायची नाही, परीक्षा घ्यायची नाही. कोणत्या मुलाजवळ बसायचं हे बाई ठरवतील. जागा रिकामी असेल तर ती रिकामीच दिसली पाहिजे. ती भरून घेण्यासाठी शाळा व्यवस्थापन समिती आहे. कायद्यानं तिच्यात पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या बायका असतात. तिथं नुसत्या सह्या करून उठायचं आणि चौकात सरकारला शिव्या घालायच्या, हे आता पुरे.

शाळेवर गावाचं प्रेम नाही असं नाही. 15 ऑगस्टला नाव छापलेल्या वह्या येतात, खाऊ येतो, फोटो निघतात. 16 ऑगस्टला मात्र कुणी फिरकत नाही. मुलाला रोज येणारा माणूस लागतो. आठवड्यातून एकच दिवस जमत असेल तर तोही चालेल, पण ठरलेला दिवस चुकवू नये. एसटीतल्या माणसाला हे सांगावं लागत नाही: गाडी वेळेवर येत नाही असं एकदा झालं की प्रवासी वडापकडं वळतो.

या कामाची सगळ्यात जास्त गरज कधी असते तेही सांगतो. दिवाळीच्या सुमाराला आपल्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मागं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, पण कितीतरी मुलं आईबापाबरोबर फडातच जातात. हंगामाचा पट्टा पडून ती परत येतात तेव्हा वर्ग पुढं गेलेला असतो आणि वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. त्यांना मागचं सगळं नव्यानं बसून करून द्यायला बाईंकडं वेळ कुठून येणार? तो गावाकडं आहे. पेन्शनर आहेत, बारावी झालेल्या सुना आहेत, पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावून दिवसभर अभ्यासिकेत बसणारी पोरं आहेत.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दोन ठराव मांडावेत. पहिला, शाळेत बसायला येणाऱ्यांची नावं आणि वार लिहिलेला कागद शाळेच्या भिंतीवर लावावा. दुसरा, शिक्षकांच्या रिकाम्या जागांची मागणी लेखी जिल्हा परिषदेकडं पाठवावी आणि तिचा पाठपुरावा कोण करणार त्याचं नावही ठरावातच लिहावं. दुसऱ्याला वेळ लागेल, खेटे घालावे लागतील. पहिल्याला कुणाची मंजुरी लागत नाही. मुख्याध्यापकांशी बोलून शाळा पुन्हा भरेल त्या दिवशी तो सुरू करता येईल.