शिवणयंत्राचा पाय

जुन्या शिवणयंत्रासाठी पाय घ्यायला गेले म्हणजे दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "कंपनी कोणती?" आपण "सिंगर" म्हणून मोकळे होतो. तो एक पुडी काढून देतो आणि वर आश्वासन देतो, "जुन्या मशिनीला हाच चालतो." हा प्रश्न अपुरा, उत्तर अपुरे आणि आश्वासन तर चक्क धोक्याचे, असे माझे मत गेल्या वर्षी बनले. ज्या घरांत आजीचे काळे यंत्र अजून खिडकीशी उभे आहे अशी घरे आपल्या बडोद्यात थोडी नाहीत; म्हणून हे मत चार लोकांपुढे ठेवतो.

पाय म्हणजे यंत्र ज्यांवर उभे असते ते लोखंडी पाय नव्हेत. सुईच्या दांडीमागे आणखी एक दांडी असते आणि तिच्या टोकाला दोन बोटांचा एक लहानसा धातूचा तुकडा आवळलेला असतो. खालचे दाते कापड मागे सरकवतात, हा तुकडा ते वरून दाबून धरतो आणि त्याच्या दोन बोटांमधल्या फटीतून सुई खाली जाते. शिंपी त्याला फूट म्हणतात, घरांत नुसते पाय म्हणतात. तो सुटला की सगळे यंत्र निकामी. मग तेल घाला, पट्टा बदला, काही उपयोग नाही.

माझ्या पत्नीचे माहेर गोव्यातल्या पेडणे महालातले, हरमलचे. हरमलचे नाव आता जगभर झाले आहे ते समुद्रकिनाऱ्यामुळे आणि त्याला लागून असलेल्या गोड्या पाण्याच्या तळ्यामुळे. परंतु आमच्या काकी (पत्नीच्या चुलती, वय ऐंशीच्या घरात) ज्या वाड्यावर राहतात तिथे अजून माड आहेत, तुळशीवृंदावन आहे आणि ओसरीवर सिंगरचे ६६ क्रमांकाचे यंत्र आहे. घरातला कोणी तारवटी ते आगबोटीवरून घेऊन आला, एवढेच सांगतात. अंगावर लाल-सोनेरी वेलबुट्टी. क्रमांकाची सुरुवात इंग्रजी 'जी' अक्षराने, म्हणजे अमेरिकेतल्या एलिझाबेथ शहरातल्या कारखान्यातले. ह्या यंत्रावर काकींनी शाळेच्या पोरींचे झगे शिवले, शेजारपाजारच्या चोळ्या शिवल्या, आणि किनाऱ्यावर परदेशी मंडळी येऊन राहू लागली तेव्हा त्यांच्या फाटक्या पिशव्याही सांधून दिल्या. आता दर पावसाळ्यापूर्वी गोधड्या शिवतात. त्यांच्या हातखर्चाचा पैसा त्यातूनच येतो आणि तो कोणाकडे मागावा लागत नाही, ही त्यांच्या लेखी मोठी गोष्ट आहे.

त्या यंत्राचा पाय मोडला. पुतण्याने शुक्रवारच्या बाजारी म्हापशाहून "जुन्या सिंगरचा" म्हणून नवा आणला. तो दांडीवर नीट बसेना. मग कोणीतरी तो कानशीने घासला आणि तारेने बांधला. दुसऱ्या की तिसऱ्या टिपेला सुई पायावर आपटली, मोडली आणि तिचा तुकडा उडून काकींच्या चष्म्याच्या काचेवर बसला. काकी ही हकीगत हसत हसत सांगत होत्या. मला हसू आले नाही.

त्याच आठवड्यात किनाऱ्यावरच्या एका उपाहारगृहाचा मालक येऊन गेला होता. त्याला यंत्राखालचे लोखंडी बैठकपाय हवे होते, वर काच बसवून टेबल करायला. तो म्हणाला, "खालचे आम्ही नेतो, वरची मशीन तुम्हीच ठेवा." घरातल्या तरुणांना सौदा पटण्यासारखा वाटला. नव्या यंत्राला पैसे घालू, काकींना वीज आहेच. काकी काही बोलल्या नाहीत, मी निघताना मात्र म्हणाल्या, "जावयबापू, बडोदे मोठे शहर. तिथे पाय मिळेल."

म्हणून मी यंत्राचे तीन फोटो काढून आणले आणि मंगळबाजाराच्या मागच्या एका बोळात वृद्ध मिस्त्रींपुढे ठेवले. त्यांच्याजवळ बिस्किटांच्या डब्यात शेदोनशे पाय असतील. त्यांनी कंपनी विचारली नाही. एवढेच विचारले, "स्क्रू बाजुमांथी के पाछळथी?" आणि मी निरुत्तर झालो. तिन्ही फोटो समोरून काढलेले!

हरमलला फोन लावला. काकींनी बोटाने चाचपून सांगितले, "पाठीमागे. भिंतीच्या बाजूला." मिस्त्रींनी डबा बंद केला. ह्यातला एकही चालणार नाही म्हणाले, आणि का ते समजावून सांगितले.

आपल्याकडची काळी सरळ शिलाईची यंत्रे, मग ती उषा असोत की लुधियान्याच्या कारखान्यांची, बहुतेक सिंगरच्या १५ क्रमांकाच्या घडणीवर बेतलेली. त्यांचा पाय दांडीला बाजूने स्क्रूने आवळतात. दुकानांत मिळतो तो ह्यांचाच पाय, आणि शंभरांतल्या बहुतेक यंत्रांना तो चालतोही. म्हणूनच दुकानदार इतक्या बेधडक सांगतो. परंतु ६६ क्रमांकाची जी सुरुवातीची अमेरिकन यंत्रे आहेत, त्या लाल-सोनेरी वेलबुट्टीची, त्यांचा स्क्रू दांडीच्या मागून येतो. पायाची खाचच निराळी. तो बाजूच्या पायाने भागत नाही, घासून तर नाहीच नाही. स्क्रू बाजूचा असला तरी काम संपत नाही. पाय खाली टेकवून स्क्रूच्या मध्यापासून खालच्या पत्र्यापर्यंत पट्टी धरावी. घरगुती यंत्रांत बहुधा सुमारे अर्धा इंच भरते. काहींत, विशेषतः धंद्याच्या यंत्रांत, एक इंच. आणि सिंगरने १९५२ च्या सुमारास ३०१ क्रमांकापासून जी तिरक्या सुईची यंत्रे काढली त्यांत याहूनही किंचित जास्त, शिवाय दांडी कललेली. चुकीच्या उंचीचा पाय एक तर कापडाला टेकत नाही किंवा सुईच्या वाटेत येतो. काकींच्या चष्म्यावर आदळले ते हेच.

गोव्यात असे अडलेले यंत्र आपल्यापेक्षा अधिक सापडते, ह्यालाही कारण आहे. १९५५ पासून भारताने गोव्याशी व्यापार बंद केला आणि १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त होईपर्यंत तिथला माल मुरगाव बंदरातून, परदेशांहून येत होता. त्याआधीही तारवट्यांच्या पेट्यांतून जगातल्या वस्तू पेडण्याच्या खेड्यांत पोचत. त्या वस्तूंचे सुटे भाग मात्र त्यांच्या पाठोपाठ आले नाहीत.

तरीही माझे म्हणणे असे की, पाय बाजारात नाही हे आपल्या अडचणीचे लहान कारण. मोठे कारण असे की आपल्याला तो मागता येत नाही. मी शिकलेला माणूस, परंतु "मागचा स्क्रू" हे दोन शब्द माझ्याजवळ नव्हते. म्हापशाला गेलेल्या पुतण्याजवळही नव्हते आणि त्याला पुडी देणाऱ्याजवळही नव्हते. बडोद्याने तरी ह्याचा विचार करावा. १८९० मध्ये महाराज सयाजीरावांनी येथे कलाभवन काढले, आणि कारागिराला त्याचे शास्त्र त्याच्या भाषेत मिळावे हा प्रा. त्रिभुवनदास गज्जरांचा आग्रह होता. १९३१ मध्ये ह्याच संस्थानाने राज्यकारभाराच्या शब्दांचा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' छापला. कचेरीतल्या प्रत्येक हुद्द्याला शब्द मिळाला. ओसरीवरच्या यंत्राच्या पायाला मिळाला नाही. संस्कृतातून नवे शब्द घडवा असे मी मुळीच म्हणत नाही. ते कोणी वापरणारही नाही. मागचा स्क्रू, बाजूचा स्क्रू, अर्धा इंची, एक इंची, तिरका: एवढे जरी पुडीवर छापले तरी निम्म्या सुया वाचतील. सुटे भाग विकणाऱ्यांना ह्यासाठी छपाईचा खर्च तो किती?

कोणी म्हणेल, नवे यंत्र घ्यावे हे बरे. काही बाबतींत बरे आहेच. आतला दांडा गंजून बसला असेल तर जुन्याच्या मागे लागू नये, आणि काजाबटणांच्या कामाला नव्याची सर जुन्याला येत नाही. पण चार पदरी गोधडीतून जे यंत्र आजही सरळ टीप घालते, ते एका बोटभर तुकड्यासाठी टेबलाखाली घालणे मला पटत नाही.

मिस्त्रींनी जाता जाता आणखी एक सांगितले: "पेटी शोधा." सिंगर यंत्राबरोबर जोडसाहित्याची पेटी देत असे. मी काकींना विचारले. पेटी होती, परंतु वाटण्या झाल्या तेव्हा यंत्र थोरल्याकडे आले आणि पेटी, तिचा कडीकोयंडा सुबक म्हणून, धाकट्याकडे कोरगावला गेली. तिथे त्यांनी आतले लोखंड एका फडक्यात बांधून माळ्यावर टाकले आणि पेटीत सुपारी ठेवली. पुतण्याने फडके उतरवले. दुमड घालायचा, चुण्या पाडायचा असे चारपाच तुकडे निघाले, गंजलेले, पण सगळे मागून आवळायचे. त्यांतच गोधडी शिवायचा आखूड बोटांचा पाय होता. त्याची बाजूची सळई काढून टाकली की तो साध्या पायासारखा चालतो. रॉकेलमध्ये दोन दिवस ठेवून काकींनी तो बसवला. साध्या पायाची नवी नक्कल परदेशात अजून मिळते. आता काय मागायचे ते ठाऊक असल्यामुळे तीही मागवली आहे.

कोरगावच्या मंडळींनी पेटीही आपणहून परत केली. सुपारीची अडचण व्हायला नको म्हणून त्यांना मी बडोद्याहून एक झाकणाचा स्टीलचा डबा पाठवला आहे.