ओसरीवरून : हरून आलेलीं मुलें

पावसाळा सरून धानाच्या लोंब्या पिवळ्या पडूं लागल्या, म्हणजे आमच्या भंडारा जिल्ह्यांत दोन हंगाम एकदमच सुरू होतात; एक कापणीचा आणि दुसरा शाळांच्या क्रीडास्पर्धांचा. पहिल्याविषयीं वाचकांस कांहीं सांगावयास नको. दुसऱ्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कारण घरांत खेळणारें मूल असल्याशिवाय वडील माणसें तिकडे सहसा लक्ष देत नाहींत. शालेय स्पर्धांची शिडी पांच पायऱ्यांची आहे : तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्र. आमच्या जिल्ह्याच्या सात तालुक्यांतील विजयी संघ जिल्ह्याच्या स्पर्धेंत उतरतात. तेथें जो पहिला येतो, तो नागपूर विभागाच्या सहा जिल्ह्यांच्या स्पर्धेस जातो. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे वयाचे तीन गट असतात. सामने बहुधा बाद पद्धतीचे. एकदां हरलें, कीं त्या वर्षापुरता खेळ संपला.

गेल्या हंगामांत आमच्या गांवच्या शाळेचा १७ वर्षांखालील कबड्डीचा संघ तालुका जिंकून जिल्ह्याला गेला आणि जिल्हाही जिंकून आला. माझ्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव त्या संघांत चढाईला जात असत, म्हणून ही हकीकत मला आंतून ठाऊक आहे.

कबड्डी विदर्भाला नवी नाहीं. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें हा खेळ तेथें करून दाखविला होता. आखलेली जमीन आणि दोन्हीं बाजूंस सात-सात गडी, एवढ्यावर हा खेळ भागतो. गरिबाच्या मुलाला येथें कोणी अडवीत नाहीं, आणि म्हणूनच सारा गांव या खेळाला आपला मानतो.

जिल्हा जिंकल्याच्या रात्रीं वेशीशीं हा गांव लोटला होता. ढोल, गुलाल, फटाके, कशाचीच उणीव नव्हती. संघाच्या १२ मुलांना खांद्यांवर घेऊन मिरवणूक निघाली. त्यांतल्या कित्येकांचे आईबाप दिवसभर दुसऱ्याच्या बांधींत धान कापून आलेले; तेही नाचत होते. नागपूरच्या प्रवासासाठीं वर्गणी जमली. कोणी बूट दिले, कोणी गणवेश शिवून दिले. गवळ्यानें आठवडाभर मुलांना दूध फुकट घातलें. आमच्या घरांतून शेंगदाण्याचे लाडू गेले. किराणा दुकानाच्या फळ्यावरचे डाळ-तेलाचे भाव पुसले गेले आणि तेथें सामन्यांचे गुण लिहिले जाऊं लागले. धुऱ्याच्या वादावरून तीन वर्षें एकमेकांशीं न बोलणारे दोन शेजारी एकाच गाडींत बसून नागपुरास निघालेले मीं स्वतः पाहिले. जें काम पंचायतीला साधलें नव्हतें तें १२ पोरांनीं केलें, असें मला वाटलें व अभिमानही वाटला.

नागपुरास उपांत्य सामन्यांत आमचा संघ एका गुणानें हरला. शेवटची चढाई पुतण्याची होती आणि तींत तो पकडला गेला.

पुढें जें झालें तें लिहितांना संकोच वाटतो. मैदानाभोंवतालचा आमचा घोळका क्षणभर गप्प झाला. मग कोणीसा ओरडला, "कायले गेला तो बोनसले!" तेवढें एकच वाक्य आमच्याबरोबर गांवीं परत आलें. गांवकऱ्यांच्या तीन गाड्या मुलांच्या गाडीची वाट न पाहतां निघाल्या. मुलें रात्रीं दहा वाजतां उतरलीं, तेव्हां वेशीशीं कोणी नव्हतें. मीही नव्हतों, त्या तीन गाड्यांपैकीं एकींत बसून मी आधींच घरीं पोंचलों होतों.

पुतण्या हातपाय धुऊन पानावर बसला. सारें घर मुकें. ती शांतता मोडण्याचें काम मीं केलें. "शेवटीं बोनसच्या मागें लागायचें कारण काय होतें?" असें मीं विचारलें. तो बोलला नाहीं. अर्ध्या पानावरून उठूं लागला. तेव्हां माझी ८१ वर्षांची आई स्वयंपाकघराच्या दारांतून म्हणाली, "बैस रे बाळा. आणि तूं रे, इतका मोठा झालास. पानांत भात वाढतात, हार-जीत वाढत नाहींत."

जेवणें झाल्यावर आईनें चिंचोक्यांचा डबा आणून त्याच्यापुढें ठेवला व म्हणाली, "मला तुझ्या खेळांतलें कांहीं कळत नाहीं. कोण कोठें उभें होतें तें दाखव पाहूं." त्यानें फरशीवर रेषा ओढल्या आणि सात चिंचोके मांडले. तो हळूहळू सांगूं लागला. आपण एका गुणानें मागें होतों, आणि चढाई शेवटची. समोर सातही गडी शिल्लक होते. सहा किंवा अधिक गडी समोर असले, तरच बोनस रेषा ओलांडल्याचा गुण मिळतो, म्हणून तो मार्ग उघडा होता. कोणाला शिवावयास आंत शिरावें, तर सातांची साखळी आवळली जाणार. पाय पलीकडे टाकून लागलीच परतावें, म्हणजे बरोबरी होणार. पाय पडलाही, पण परततांना कोपऱ्यावरच्या गड्यानें घोटा धरला.

"म्हणजे तूं विचार करूनच गेला होतास," आई म्हणाली.

"हो आजी. पण पकडलों ना!" आणि तेव्हां कोठें तो रडला.

मीं तो सामना डोळ्यांनीं पाहिला होता आणि घसा बसेपर्यंत ओरडलोंही होतों. परंतु या मुलानें तसें कां केलें, हें त्याला विचारण्याचें तिघां गाड्यांतल्या एकाही शहाण्याला सुचलें नव्हतें. जिनें सामना पाहिलाच नव्हता, तिला तें सुचलें.

आपल्या गांवापुरतीच ही गोष्ट असती, तर ती वाचकांपुढें मांडलीही नसती. पण गर्दीचा स्वभाव सर्वत्र सारखा दिसतो. अमेरिकेंत टेक्सास प्रांतीं ओडेसा नांवाचें तेलविहिरींचें शहर आहे. तेथील पर्मियन हायस्कुलाच्या फुटबॉल संघासाठीं शहर अक्षरशः वेडें होतें. त्यांचा फुटबॉल आपल्याहून निराळा, हातांत चेंडू घेऊन खेळावयाचा; पण शाळकरी मुलांचे सामने जेथें होतात, त्या क्रीडांगणांत सुमारे १९ हजार माणसें बसतात. १९८८ च्या हंगामाची हकीकत एच. जी. बिसिंजर या लेखकानें १९९० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. त्या हंगामांत शेजारच्या शहरांतील शाळेशीं हा संघ अवघ्या एका गुणानें हरला, तेव्हां प्रशिक्षकाच्या अंगणांत 'घर विकणें आहे' अशा पाट्या लोकांनीं रोंवल्या. ज्या खेळाडूवर शहराची सारी भिस्त होती, त्याचा गुडघा हंगामापूर्वींच दुखावला. आणि कालचा लाडका पाहतां पाहतां विस्मृतींत गेला. वाचतांना मला आमचीच वेस दिसूं लागली.

तेव्हां असला उत्साह नसलेलाच बरा काय? तसें मी म्हणणार नाहीं. आमच्या महाराष्ट्रांत कोल्हापूरकडे पहा. तेथें फुटबॉलचे संघ पेठांपेठांतल्या तालमींच्या नांवानें ओळखले जातात. शाहू स्टेडियमवर सामना असला, कीं पेठ लोटते. आणि विश्वचषकाच्या दिवसांत परदेशी खेळाडूंच्या भव्य प्रतिमा चौकाचौकांत उभ्या राहतात. या वेडापायीं मैदानावर हुल्लड आणि मारामाऱ्याही झालेल्या आहेत. पण २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकांत भारतातर्फे खेळलेला अनिकेत जाधव हा त्याच कोल्हापूरचा. मुलाच्या पाठीशीं गांव असणें ही मोठी शक्ति आहे. प्रश्न इतकाच, कीं ती पाठ सामना संपल्यावर कोणीकडे वळते?

यांत साधें गणितही आहे. बाद पद्धतीच्या स्पर्धेंत ३२ संघ उतरले, तर ३१ संघ हरून घरीं जातात. म्हणजे पराभव हा अपघात नव्हे. तो जवळजवळ सर्वांच्या वाट्याला यावयाचाच. १९९० पासून एशियाड स्पर्धांत पुरुषांच्या कबड्डीचें सुवर्णपदक भारताकडेच येत होतें. २०१८ सालीं जाकार्ता येथें तोही संघ उपांत्य सामन्यांत इराणकडून हरला, आणि २०२३ सालीं हांगचौ येथें त्यानें तें पदक परत मिळविलें. ज्या गांवाला केवळ विजयाचेंच स्वागत करतां येतें, त्याला ३२ मुलांपैकीं एकाचेंच स्वागत करतां येतें, असें म्हणावें लागेल.

घरच्या मंडळींनीं करावयाचें तें थोडकें आहे. हरून आलेल्या मुलाला आधीं जेवूं घालावें. चूक काढण्याची घाई करूं नये. तें काम प्रशिक्षकाचें आहे, आणि तेंही दुसऱ्या दिवशींचें. काय झालें हें त्याला सांगावयाचें असेल, तेव्हां शांतपणें ऐकावें. सांगावयाचें नसेल, तर आग्रह धरूं नये. आणि घरांत लहान भावंडें असतील, तर त्यांच्यासमोर त्याची थट्टा होऊं देऊं नये. मूल परक्याचें बोलणें विसरतें, घरचें विसरत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आईनें मला मुख्याध्यापकांकडे पाठविलें. जिंकल्यास व्हावयाचा सत्कार रद्द झाला होता व खुर्च्यांची मागणीही परत घेतली गेली होती. पुढल्या रविवारीं तो समारंभ झाला. गर्दी निम्मीच होती. त्या तयारींत आईनें सहज विचारलें, "शाळेच्या मुलीही खेळतात ना? त्यांचें काय झालें?" आम्हांपैकीं कोणालाच सांगतां येईना. चौकशीअंतीं कळलें, कीं मुलींचा संघ तालुक्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचून हरला होता. त्या दिवशीं गांवांतून पाहावयास कोणी गेलें नव्हतें. दुकानाच्या फळ्यावर तेव्हां डाळीचेच भाव होते. मग १२ नारळांचे २४ झाले.

यंदाचा सराव आतां सुरू झाला आहे. पुतण्या मोठ्या गटांत गेला आहे आणि पहाटे धांवावयास जातो. दुकानदारानें फळ्याचे दोन भाग करून एकावर 'मुलें' व दुसऱ्यावर 'मुली' असें लिहून ठेविलें आहे. आणि गांवकऱ्यांच्या बैठकींत आणखी एक गोष्ट ठरली : निकाल कांहींही लागो, परततांना आमच्या गाड्या संघाच्या गाडीच्या मागूनच येतील.